डोंगरापलीकडची शेवटची शाळा

“डावीकडे घे, उस्ताद,” बाई म्हणाल्या.

उस्तादाने गाडी उजवीकडे वळवली. “ती वाट बंद झाली, बाई. दरड पडल्यापासून.”

“अस्सं? मग घे तुझ्या मनाने.”

मागच्या सीटवर जनावरांच्या चित्रांची गुंडाळी आणि पावलांच्या ठशांची पेटी खडखडत होती. डोंगरापलीकडच्या शाळांमधून हिंडायचं आणि मुलांना रानातल्या जनावरांची ओळख करून द्यायची, हे बाईंचं उभ्या जन्माचं काम. आजची शाळा शेवटची. निधी संपला, असं संस्थेचे साहेब स्वतः घरी येऊन सांगून गेले होते.

“निधी संपतो म्हणजे काय? बाटलीतलं तेल आहे का?” उस्ताद घाटभर कुरकुरत होता. “कचेरीत चाकांच्या नव्या खुर्च्या आल्यात. आपल्याच चाकांना तेवढा पैसा नाही.”

बाई हसल्या. “सुरुवातीला तरी कोण देत होतं? तुझ्या मामाची जीप उसनी आणली होती आपण. दार दोरीने बांधलेलं.”

“आणि तुम्ही दोरी धरून बसायचात.”

“मी कुठली? दोरीही तूच धरायचास. मी डोळे मिटून बसायचे.”

त्या दिवसांत दिसेल त्या दारात बाईंनी पदर पसरला होता. एका कारखानदाराने विचारलं होतं, “अस्वलांना शाळेत घालणार की काय?” बाई म्हणाल्या होत्या, “अस्वलं शहाणीच आहेत हो. शाळेत माणसांना घालायचंय.” त्याने हसत हसत पहिला चेक फाडला होता. त्याच्या टेबलावरच्या दौतीचा रंगसुद्धा बाईंना अजून आठवत होता.

“आणि ती पोरगी? बापाने लावलेला सापळा दप्तरात घालून आली होती, ती?”

“सांगा ना,” उस्ताद म्हणाला.

मग बाईंनी सांगितलं. नदीकाठी पाणमांजरं धरायचा लोखंडी सापळा होता तो. पाठोपाठ बाप आला, डोळे लाल करून. बाईंनी त्याला पोरांच्या बाकावर बसवलं आणि धडा तसाच चालू ठेवला. गुडघे हनुवटीला टेकवून बसला बिचारा. तास संपल्यावर उठला आणि सापळा न मागताच चालता झाला.

उस्तादाने ही गोष्ट कैकदा ऐकली होती. तरी नव्याने ऐकल्यासारखा तो खळखळून हसला.

शाळा दोन खोल्यांची. मुलं आधीच ओळीने बसली होती. बाईंनी पहिलं चित्र वर धरलं. “हे कोण?” म्हणाल्या आणि थांबल्या. नाव मुलांच्या तोंडून यायला हवं, ही त्यांची जुनीच रीत.

“खवल्या मांजर!”

“शाबास!”

अस्वल झालं, साळिंदर झालं. पुढच्या चित्राला मात्र मुलं गप्प. बाईही चित्राकडे बघत उभ्या. खिडकीशी उस्ताद होता. त्याने तोंडात दोन बोटं घालून बारीक शीळ घातली, नदीवर ऐकू येते तशी.

“पाणमांजर!” पोरं ओरडली.

“पाणमांजर! बरोबर,” बाई टाळ्या वाजवत म्हणाल्या.

निघताना एका मुलीने त्यांचा हात धरला. “पुढच्या वर्षी कोल्ह्याचा ठसा आणाल?”

“आणेन की.”

शाळेतल्या शिक्षिकेने उस्तादाकडे पाहिलं. तो पेटी उचलायला वाकला.

परतीच्या वाटेवर बाई डोळे पुसत म्हणाल्या, “दमले असते, थकले असते, तर गोष्ट वेगळी. पैशापायी मोडलं रे सगळं. त्या साहेबाला मी कधी माफ करणार नाही.”

“नका करू,” उस्ताद म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडी घेऊन कचेरीत गेला. साहेबांनी दार लोटून घेतलं.

“शंका नाही ना आली त्यांना?”

“नाही. निधी संपला, हेच धरून बसल्यात. वाटेत तुमचा चांगला उद्धार केला. मीही हातभार लावला.”

“लावा. पण ही थाप मला जड जाते हो. निधी आहे. सोमवारपासून नव्या बाई त्याच शाळांवर जातील. आपल्या बाईंना प्रेमाने सांगितलं असतं, की बाई, अलीकडे तुमच्या लक्षात राहत नाही...”

“तेच त्यांच्या कानावर जायला नको, म्हणून तर तुमचे पाय धरले मी.”

“इतकं वाढलंय का ते? माझ्याशी तर छान बोलल्या.”

उस्तादाने गाडीची किल्ली टेबलावर ठेवली.

“काल दारात उतरल्या, साहेब. मला हात जोडले. म्हणाल्या, फार सांभाळून आणलंत हो. अगदी आमच्या उस्तादासारखी गाडी चालवता तुम्ही.”