डाव्या बाजूची बाई

निळा दिवा पेटलेला होता. करंगळीच्या नखाएवढा, स्पीडच्या काट्याच्या डावीकडे. गाडीचे दिवे अप्परवर, म्हणजे लांबच्या झोतावर, असले की तो पेटतो. संकेश्वर मागे पडल्यापासून सुविधा त्याच्याकडे पाहत होती.

हायवेचं काम चालू असल्याने गाड्या कडेच्या अरुंद रस्त्यावर वळवल्या होत्या. दिवस नुकताच मावळला होता. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. समोरून येणारी प्रत्येक गाडी दिव्यांची उघडझाप करत होती.

"ह्यास्नी झालंय काय आज?" गाडी चालवणारे तिचे वडील, कल्लाप्पा, वैतागले. "सगळी डोळ्यांवरच मारत्यात."

"आप्पा, आपलाच अप्पर चालू आहे. निळा दिवा बघा की."

त्यांनी मान खाली घालून काट्याकडे नीट पाहिलं. "कुठला दिवा? काय न्हाय पेटल्यालं."

दिवा पेटलेलाच होता.

"तरी खाली करा."

त्यांनी कुरकुरत दांडी ओढली. निळा दिवा विझला आणि समोरच्या गाड्या गप्प झाल्या.

"तुला एक सांगू?" कल्लाप्पांचा आवाज खाली आला. "हसू नको."

पोस्टातून निवृत्त झालेला हा माणूस भुताखेतांची आयुष्यभर टर उडवत आला होता. जत्रेत अंगात आलेल्या बाईसमोर उभं राहून भाषण ठोकणारा माणूस. आता तो कुणी ऐकेल अशा भीतीने बोलत होता.

"ह्या पट्ट्यात एक बाई दिसती गं. डोईवर वैरणीचा भारा. रस्ता मोकळा असतोय, आणि एकदम बॉनेटपाशी हुबी. कुठनं आली कळत न्हाय. गेल्या शनवारी तुला न्यायला येताना नुस्तं टक् असं वाजलं. मागं बघतोय तर कोण न्हाय."

सुविधाने खिडकीबाहेर पाहिलं. डावा आरसा तडकलेला होता, चिकटपट्टीने बांधलेला. निपाणीच्या बाजारात कुणीतरी तोडला, असं आप्पांनी सांगितलं होतं.

पावसाळ्यात त्यांना चक्कर आली होती. तोंड थोडा वेळ वाकडं झालं, मग सरळ झालं. डोळे तपासल्याशिवाय गाडी हातात घेऊ नका, असं डॉक्टर म्हणाले होते. "पुढच्या शनवारी बघू," आप्पा म्हणाले. सुविधाने स्टिअरिंग मागितलं तरी तेच उत्तर यायचं. ती बेळगावच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. लायसन्सही होतं. तरी दर शनिवारी आप्पाच बेळगावात, ती राहायची त्या अनगोळपर्यंत यायचे आणि तिला घरी न्यायचे. चालताना, बोलताना त्यांच्यात काही उणं दिसत नव्हतं. फक्त जेवताना चिडायचे. हल्ली चटणी वाढतच नाहीस म्हणून आईवर. "ताटात हाय की! दिसत न्हाय व्हय?" आई म्हणायची. ताटात चटणी नेहमी डावीकडे असते.

 सुविधाने समोर पाहिलं.

रस्त्याच्या डाव्या कडेने एक बाई पाठमोरी चालली होती. डोक्यावर वैरणीचा भारा. बऱ्याच अंतरावरून ती स्पष्ट दिसत होती. आप्पा आता गाडी उजवीकडे घेतील, असं सुविधाला वाटलं. आप्पांनी घेतली नाही. वेगही कमी केला नाही.

"आप्पा! ब्रेक!"

गाडी किंचाळत थांबली. भारा बॉनेटवर कोसळला आणि काच हिरवीगार झाली.

कल्लाप्पांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. "दिसली? तुला बी दिसली न्हवं?"

काचेवरची वैरण बाजूला झाली. बाईने बॉनेटवर थाड्कन हात मारला.

"डोळं हाईत का बटनं रं? गेल्या शनवारी बी हीच गाडी! कोपराला ठोकर देऊन गेलास, थांबला बी न्हाईस!" तिच्या उजव्या कोपराला मळकं फडकं बांधलेलं होतं. कोपर सुजून टम्म झालेलं होतं.

मागून कुणी येऊन धडकू नये म्हणून सुविधाने लाल त्रिकोणाचं बटण दाबलं. चारही इंडिकेटर लुकलुकू लागले. तबकडीवर हिरवे बाणही उघडझाप करू लागले. एक डावा, एक उजवा.

"आप्पा," ती हळूच म्हणाली, "मधल्या काट्यावर नजर ठेवा. मान हलवू नका. किती बाण दिसतात?"

"एक. उजवा."

तिला जे वाटत होतं, ते तेच होतं: पावसाळ्यातल्या त्या चक्करेने आप्पांच्या नजरेची डावी बाजू नेली होती. अशा माणसाला डावीकडे अंधारसुद्धा दिसत नाही. काहीच दिसत नाही, आणि मेंदू ती जागा गुपचूप भरून काढतो. म्हणून रस्ता मोकळा दिसतो.

"मला ती बाई कधीपासून दिसत होती, आप्पा."

कल्लाप्पांनी सावकाश मान डावीकडे वळवली. बाण दिसला तसे ते दचकले. बराच वेळ त्या दोन बाणांकडे पाहत राहिले. मग किल्ली काढून खाली उतरले आणि बाईसमोर हात जोडले.

"आक्का, चुकलं. मी तुमास्नी भूत समजत होतो."

"मी भूत?" बाई फणकारली. "भूत तुमी. मागनं येताय, माणसाला उडवताय आन् न थांबता जाताय."

 कल्लाप्पांनी तिच्यासाठी मागचं दार उघडलं. "बसा आक्का. निपाणीला दवाखान्यात जाऊ." मग बॉनेटला हात लावत, चाचपडत ते गाडीच्या डाव्या बाजूला आले आणि किल्ली सुविधाच्या हातात ठेवली.

"सुवी, तू चालव. आजच्यापुरतं न्हाय. हितनं फुडं तूच."