झटक्याची चौकशी

भोपाळच्या कारखान्यात कुणालाही करंट लागला की सेफ्टी ऑफिसर अच्युतरावांचा चौकशी अहवाल ठरलेला असे: 'कर्मचारी की लापरवाही.'

एका रविवारी त्यांच्याच क्वार्टरातला स्विचबोर्ड बिघडला. अच्युतराव रबरी चपला घालून, रबरी मॅटवर उभे राहिले आणि रबरी हातमोज्यात धरलेला टेस्टर त्यांनी तारेला टेकवला. टेस्टरचा दिवा काही लागला नाही.

"लाइन डेड आहे," त्यांनी जाहीर केलं.

"अहो, टेस्टरच्या टोपीला उघडं बोट लावावं लागतं ना?" बायको, सिंधूताई, म्हणाल्या. "मोजे घातल्यावर दिवा कसा लागेल? आधी मेन तरी बंद करा."

"सेफ्टी ऑफिसर मी आहे की तू?"

लाइन डेडच आहे म्हटल्यावर एवढा जामानिमा कशाला? त्यांनी हातमोजे काढले, चपला काढल्या, मॅट पायानं बाजूला सारली आणि तार चिमटीत धरली.

पुढच्या क्षणी अच्युतराव सोफ्याच्या पायाशी बसलेले होते. पाण्याचा पेला पुढे करत सिंधूताईंनी विचारलं, "मग, या वेळी लापरवाही कुणाची?"

"तुझी," अच्युतराव म्हणाले. "काम चालू असताना मध्ये बोललीस."