दाराबाहेरची माणसं

माणसं अंगणाच्या कडेला येऊन थांबली, तशी लोर्पूनं दाराला कडी घातली आणि लाकडी उखळ ओढून दाराला लावलं.

फटीतून पाहिलं. अर्धं गाव होतं. पुढे म्हातारे झायझायबाबा. मागे लोहार, हातात पिवळा कॅन. रॉकेलच असणार. गेल्याच आठवड्यात पलीकडच्या गावात इबोलातून बऱ्या झालेल्या एकाचं घर लोकांनी भर दुपारी पेटवलं होतं. तो आतच होता.

लोर्पूही बरी होऊन आली होती. तंबूच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, तुझ्यापासून आता कुणाला धोका नाही, तुलाही हा रोग पुन्हा धरणार नाही. पण गावाला हे पटवणार कोण? विहिरीवर बायका तिला पाहून बादल्या टाकून पळत, पुरुष तिला हाकलून लावत. "मेलेली परत आली गं!"

आणि हे सगळं आईपायी. तिची आई नोवाई चर्चची सेविका. कुणी अंथरुणाला खिळलं की भाताचा डबा घेऊन ही हजर. रोग आला तेव्हा लोर्पूनं तिला अडवलं होतं. "आई, तुझे पाय धरते. या वेळी नको जाऊस."

"महारोग्याला हात लावताना येशूनं कुणाला विचारलं होतं का गं?" म्हणाली, आणि गेली. ताप घेऊनच परतली. तिला पाणी पाजता पाजता लोर्पूही पडली. आई गेली, लोर्पू उरली. या लोकांच्या हाती.

"लोर्पू! दार उघड."

ती भिंतीला चिकटून बसली. प्रार्थनेचा एक शब्द आठवेना.

"आत आहेस, ठाऊक आहे आम्हाला. धूर दिसतोय चुलीचा."

मागे खिडकीसुद्धा नव्हती. मरायचंच तर कोंडून तरी नको. तिनं उखळ सरकवलं आणि दार सताड उघडलं.

"जाळा! पण माझ्या तोंडाकडे बघून जाळा!"

कुणी हललं नाही. मग तिला रडणं ऐकू आलं. मधल्या मोकळ्या जागेत चटईवर एक तान्हं मूल होतं. चटई लांब बांबूनं ढकलत आणलेली. बांबू तिथंच पडला होता.

"कुंबाची पोर," झायझायबाबा म्हणाले. "कुंबा पहाटे गेली, त्याच रोगानं. पोरीला अजून ताप नाही. पण शिवायची कुणाची छाती होत नाही. लोहारानं पाणी आणलंय, आंघोळीला."

"विहिरीवरून मला हाकलताना छाती झाली होती."

"झाली होती." बाबांनी मान खाली घातली. "नोवाई असती तर तिच्याकडे गेलो असतो. ती नाही. तिची तू आहेस."

डॉक्टरांचं बोलणं खरं असेल ना? ती गुडघ्यावर बसली. तिनं पोरीला उचलून छातीशी धरलं. किती दिवसांनी कुणाचं तरी अंग तिच्या अंगाला लागलं होतं.

"मला वाटलं, जाळायला आलात," ती पुटपुटली.

"आणि आम्ही सकाळपासून त्या आंब्याखाली उभे होतो, पोरी," बाबा म्हणाले. "दार वाजवायची हिंमत होईना. तू उघडलंच नसतंस, तर या लेकराला घेऊन जायचं कुणाच्या दारी?"