दहा लाख नऊ

प्रेमलाबाईंनी तिसऱ्यांदा गुणाकार मांडला. दोनशे त्र्याण्णव गुणिले तीन हजार चारशे तेरा. उत्तर पुन्हा तेच, दहा लाख नऊ.

निवृत्त होईपर्यंत नववीच्या प्रत्येक वर्गाला बाईंनी ही मूळ संख्या म्हणून सांगितली होती, आणि तीही छाती पुढे काढून. तरुणपणी एका मे महिन्यात त्यांनी तिला हजारापर्यंतच्या एकेका मूळ संख्येने हातानं भागून बघितलं होतं. एकानेही भाग गेला नाही. आज भाचीनं, मृणालीनं, ती सहज मोबाईलमध्ये घातली आणि म्हणाली, "मावशी, ही तुटते की गं!"

बाईंनी माळ्यावरून जुनं पुस्तक काढलं. मूळ संख्यांच्या यादीत दोनशे त्र्याऐंशीच्या पुढे, दोनशे त्र्याण्णवच्या जागी, वाळवीनं पाडलेलं वाटाण्याएवढं भोक होतं. ते तेव्हाही तिथंच असणार. त्याच्याकडे नीट बघावं एवढी शंका बाईंना स्वतःबद्दल कधी आलीच नव्हती.

मग त्यांना दादू आठवला. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असताना पंधरा दिवस नुसता भागाकार करत बसलेला, नववीतला दादू. "बाई, दोनशे त्र्याण्णवनं तुटते," म्हणत तो फळ्यावर मांडायला लागला. बाईंनी त्याच्या हातून खडू घेतला, आकडे पुसले आणि म्हणाल्या, "थापा मारू नकोस. बस खाली." सगळा वर्ग हसला होता.

दुपारच्या एसटीनं बाई दादूच्या गावी, पूर्णगडला पोचल्या. मासेमारी बंद होती. केस पिकलेला दादू दारात जाळं दुरुस्त करत बसला होता.

"बाई? तुम्ही हितं?" तो गडबडीनं उठला.

बाई बसल्यासुद्धा नाहीत. त्यांनी कागद पुढे केला. "दादू, ती संख्या तुटते रे. तुझं बरोबर होतं. चुकले ते मी."

दादूनं कागदावरचा गुणाकार वाचला. "माझंबी हेच येत होतं बाई. तेव्हाच चार वेळा गुणून बघितलं होतं."

"मग नंतर बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? बाई चुकायच्या नाय. म्हटलं, मलाच गुणाकार येत नसंल."

काहीतरी बोलायचं म्हणून बाईंनी विचारलं, "आता तांडेल असशील ना? स्वतः बोट नेत असशील."

"नाय ओ. खलाशीच हाय. मालकानं दोनदा इचारलं, मीच नको म्हटलं." दादू ओशाळून हसला. "डिझेल किती, लांब किती जायचं, समदा हिशेब तांडेलानं करायचा. बोटीवर आठ जणांचा जीव असतो, बाई. माझ्यासारख्याचा चुकला म्हंजे?"