पंचम

“पंचम उतरलाय, लीला. स्वल्प चढवतो.”

गुरुप्रसाद अण्णांनी तंबोऱ्याची खुंटी पिळली. त्यांची शिष्या शिवलीला समोर सतरंजीवर बसली होती. पंचम उतरलेला नव्हताच. आता मात्र तो षड्जापासून फाटला आणि तार वाजली की तिच्या दाढा शिवशिवायला लागल्या.

दिवाळीपासून हे असंच चाललं होतं. अण्णांना ऐकू सगळं येई, पण त्यांच्या कानात स्वर जागेवर पडत नसत, सुरेल ते बेसूर वाटे. चिकपेटेत साडीच्या दुकानावरची ही खोली. एकेकाळी शिकणाऱ्यांना बसायला पुरत नसे. आता शिवलीला एकटीच उरली होती. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातली पाळी संपली की मेट्रो धरून यायची. उद्या तिची रेडिओवर गाण्यासाठीची परीक्षा होती.

“गा.”

ती गायली. त्या फाटलेल्या पंचमाला धरून, जाणूनबुजून बेसूर. अण्णांचा चेहरा फुलला.

“आता कसं जुळलं बघ! ही बाकीची पोरं का येईनात गं?”

“कॉलेजच्या परीक्षा आहेत, अण्णा.”

तारा छेडता छेडता अण्णांनी डावा तळवा भोपळ्यावर टेकवला आणि त्यांची बोटं थबकली. त्यांनी पुन्हा तार छेडली. जुळलेला तंबोरा हाताखाली एकसंध घुमतो. हा ताप भरलेल्या माणसासारखा थरथरत होता.

“केव्हापासून?”

तिनं सतरंजीची सुटलेली दशी बोटाला गुंडाळली.

“लीला, मी विचारतोय.”

“दिवाळीपासून.”

“आणि तू रोज माझ्यासाठी बेसूर गायलीस?”

“तुम्हाला सांगायचं कुणी, अण्णा?”

अण्णांनी तंबोरा तिच्या पुढ्यात सरकवला.

“लाव. तुझ्या कानानं.”

तिनं खुंटी सैल केली, मणी केसभर सरकवला. पंचम षड्जात जाऊन बसला आणि खोली भरून आली. अण्णांनी वाकून भोपळ्यावर हात ठेवला.

“हाताला सुरात लागलाय,” ते म्हणाले.

“आणि कानाला?”

अण्णांनी तंबोरा पुन्हा मांडीवर घेतला.

“राहू दे अण्णा, मी मोबाईलवरचा लावते.”

“मी अजून बसलोय इथं. गा.”

तिनं खरा स्वर लावला. पहिल्या, पंचमाच्या तारेवर बोट पडलं की अण्णांचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं व्हायचं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. बोटं मात्र चालूच होती, एकही तार न चुकवता.