लाल ठिपका

नातीने काचेच्या पेटीत नाकतोडे पाळले होते. "पिल्लांना रंगवू नकोस, कातीबरोबर रंगही जातो. पंख फुटले की ठिपका टिकतो," असं मी तिला शिकवलं होतं. लाडक्या ठेंगूला पंख फुटताच तिने त्यांवर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला.

मोठे झालेले नाकतोडे तिची मावशी माळावर सोडायला न्यायची.

"मावशी, ठेंगू रडला का गं?"

"छे! टुणटुण उड्या मारत गेला बघ."

काल आम्ही मावशीकडे गेलो. तिने पाळलेला सरडा चांगलाच गुबगुबीत झाला होता. नातीने त्याच्या पिंजऱ्यातून एक सुटा पंख उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला.



"आजोबा, ठिपका खरंच टिकला."