समोरची भिंत

ऑस्ट्रेलियात होबार्टजवळच्या, आता संग्रहालय झालेल्या जुन्या तुरुंगात म्हातारा क्लाइव्ह भिंतीवरचे कैद्यांचे फोटो पुन्हापुन्हा बघत होता. "मेंढी चोरली म्हणून इंग्लंडहून बेड्यांत इथे आले आमचे खापरपणजोबा! जन्मभर पबमध्ये छाती फुगवून सांगत आलोय. मग इथे कसे नाहीत?"

"बाबा, इकडे ये जरा," समोरच्या भिंतीपाशी उभी असलेली त्याची मुलगी लिनेट हळूच म्हणाली.

तिथल्या फोटोत तेच बाकदार नाक, खाली तेच आडनाव. पण अंगात पहारेकऱ्याचा कोट आणि हातात चाबूक.

क्लाइव्ह गोंधळून एकदा या भिंतीकडे, एकदा त्या भिंतीकडे बघत राहिला.

शेजारी फोटो बघत उभ्या असलेल्या एका बाईंनी विचारलं, "तुमच्यापैकी का हो हे? नाक अगदी तुमचंच!"

"छे, छे! भलतंच काय, बाई?" रुमालानं नाक झाकत क्लाइव्ह म्हणाला, "आम्ही चोराच्या घरातले."